मुकुंदाचं पाणी

घरी मासा आजारी पडलेला माणूस दुकानाची पायरी चढतानाच ओळखू येतो. त्याच्या हातात काहीतरी असतं आणि ते तो छातीशी धरून, हिंदकळू न देता, जपून पावलं टाकत आणतो. कधी प्लास्टिकची पिशवी, कधी लोणच्याची बरणी, एकदा तर प्रेशर कुकर. सीपरी बाजारात ऑटो आणि स्कूटरींच्या गर्दीतून असं चालत येणं सोपं नाही. असा कोणी लांबून दिसला की मी हातातलं काम ठेवून काउंटरवरची जागा मोकळी करायची.

झाशीत मी तीस वर्षं माशांचं दुकान चालवलं. शोभेच्या माशांचं, हे सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना अजून वाटतं की मी बांगडे विकते. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की मूळ गाव कोणतं यावर दोन काकांचं कधी एकमत झालं नाही. यजमान रेल्वेत होते. माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती आणि घरात काचेची एक टाकी. मुलं शाळेत जायला लागल्यावर दुकान काढलं. गिऱ्हाईक आधी 'दीदी' म्हणायचं, पुढे 'आंटी' म्हणू लागलं. काही जण 'डॉक्टर साहब'ही म्हणत. मी डॉक्टर नाही, हे प्रत्येकाला सांगत आले. जे शिकले ते पुस्तकांतून थोडं आणि मेलेल्या माशांकडून जास्त.

या कामातली गोम एवढीच की माशाची हवा, त्याचं घर आणि त्याची मोरी एकच असते. तो ज्या पाण्यात श्वास घेतो त्यातच शी-शू करतो. त्या घाणीतून अमोनिया नावाचं विष तयार होतं. ते खाऊन टाकणारे उपकारी जंतू फिल्टरच्या स्पंजात घर करून राहतात. ही गोष्ट लोकांना पटवताना माझा घसा बसायचा. कारण लोक तो स्पंज दर रविवारी नळाखाली धरून साबणाने घासत. फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार तर रोज टाकी रिकामी करून, काचा चकाचक पुसून, नवं पाणी भरत. त्यांचे मासे आठवड्याला एक या हिशेबाने मरत होते. "हमारे यहाँ गंदगी का सवाल ही नहीं," ते ताठ उभे राहून सांगायचे. घाणीने मेलेल्या माशांपेक्षा स्वच्छतेने मेलेले मासे मी जास्त पाहिले आहेत.

म्हणून औषधाची बाटली काढण्याआधी मी पाण्याबद्दल विचारायची. पाणी कधी बदललं, किती बदललं, कुठलं भरलं. आणि लोक खोटं बोलायचे. वाईट हेतूने नव्हे. शाळेत गृहपाठ न केलेलं मूल बोलतं तसं.

दुकानापासून चार घरांवर एक हलवाई होते. त्यांचा गोल्डफिश एक दिवस पोट वर करून तरंगू लागला. जिवंत होता, डोळे फिरवत होता, पण सुलटा होईना. मी विचारलं, काय खायला घालता? म्हणाले, जे आपण खातो तेच. म्हणजे बुंदी. मी सांगितलं, तीन दिवस कडक उपास, चौथ्या दिवशी उकडून साल काढलेला मटाराचा एक दाणा, तोही कुस्करून. हलवाई म्हणाले, "दीदी, उपास का मैं अम्मा को कैसे बताऊँगा? हमारे घर में कोई भूखा नहीं सोता." दुसऱ्या दिवशी अम्मांनी चोरून बुंदी टाकलीच. उपास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी अम्मांनी स्वतःही उपास धरला, म्हणजे मोह व्हायला नको. पाचव्या दिवशी मासा सुलटा झाला आणि अम्मा त्याला बघायला पूजेचं ताट घेऊन आल्या.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत, त्या सांगताना मला मजाही येते. पण दुकान भाचीच्या हाती सोपवून घरी बसल्यापासून मनात पुन्हापुन्हा येतं ते दतिया गेटजवळचं एक घर, तिथले नाना, त्यांची सून किरण आणि एक मासा. ते लिहायला हवं, कारण त्यात माझी चूक आहे.

नाना महाराष्ट्रातून नोकरीसाठी इथे आलेले. सरकारी कंपनीत इंजिनियर होते, निवृत्तीनंतर इथेच राहिले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझ्या दुकानात ते महिन्यातून एकदा यायचे, खाणं न्यायचे, आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून अर्धा तास थांबायचे. त्यांच्याकडे ऑस्कर जातीचा एकच मासा होता. हा मासा वीतभराचा नसतो, चांगला फूटभर वाढतो. काळपट अंगावर नारिंगी ठिपके, जाड ओठ, आणि माणसासारखी नजर. तो मालकाला ओळखतो, हातातून खातो, रागावला की कोपऱ्यात तोंड करून बसतो. नानांनी त्याचं नाव मुकुंदा ठेवलं होतं. "काल मुकुंदा माझ्याशी बोलला नाही," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे. मुकुंदा तेव्हा दहा वर्षांचा होता.

मग नाना यायचे बंद झाले. चार-पाच महिन्यांनी एका दुपारी एक तिशीची बाई दुकानात आली. डोक्यावर पदर, हातात काही नाही. ती किरण. झाशीजवळच्या मोठ गावची मुलगी, नानांच्या मुलाशी लग्न होऊन आलेली. तिने सांगितलं की नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला आहे, 'बरं'. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं. हे सगळं सांगून झाल्यावर तिने खरं कारण सांगितलं.

"दीदी, मछली ने आठ दिन से मुँह नहीं खोला. और दो दिन से बाबूजी ने भी कछू नईं खाओ."

मी पिशवी भरली आणि तिच्याबरोबर निघाले.

टाकी बैठकीच्या खोलीत होती आणि तिच्यासमोर खुर्चीत नाना. बाजूच्या स्टुलावर वरणभाताची वाटी तशीच निवलेली. मला बघून त्यांचा चेहरा अर्धा हलला. "बरं," ते म्हणाले. मी त्यांच्या डाव्या हाताला हात लावला आणि टाकीकडे वळले.

मुकुंदा तळाशी बसला होता. त्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या वर, टाचणीच्या माथ्याएवढी भोकं पडली होती, त्यांतून पांढरं काही बाहेर येत होतं. मोठ्या माशांना होणारा हा रोग मला ओळखीचा होता. पाणी महिनोन् महिने तेच राहिलं आणि खाण्यात सत्त्व नसलं की होतो. नाना आजारी पडल्यापासून पाणी कोण बदलतं, असं मी विचारलं. किरण म्हणाली, आटतं तेवढं आम्ही भरतो. बदलायचं असतं हे घरात कोणाला माहीतच नव्हतं. नानांचा मुलगा हेमंत कारखान्यात पाळीवर, तिला दोन मुलं आणि खाटेवरचं माणूस. तिने तरी कुठे कुठे बघायचं.

इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल. जुन्या टाकीचं न बदललेलं पाणी हळूहळू आंबट होत जातं. आंबट पाण्यात अमोनियाचं विष असतं, पण झोपलेलं असतं, माशाला फारसं बाधत नाही. मासाही त्या पाण्याला रुळलेला असतो. आणि झाशीच्या दगडाखालचं आमचं पाणी, बोअरचं असो की नळाचं, आहे जड, क्षारांचं, आंबटाच्या अगदी उलट. ते एकदम बरंच ओतलं की झोपलेलं विष जागं होतं. म्हणून जुन्या टाकीचं पाणी आधी तपासायचं आणि मग रोज थोडंथोडं, मगामगाने बदलायचं. हे मी शंभर लोकांना सांगितलं असेल.

त्या दिवशी माझ्याजवळच्या पाणी तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. दुकानात परत जाऊन नवी डबी आणायला अर्धा तास लागला असता. पण समोर ती निवलेली वाटी होती, दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी असलेली किरण होती, आणि मी आले म्हणजे आता काहीतरी होणार असा तिचा चेहरा होता. मला लगेच काहीतरी करून दाखवायचं होतं. मी नळी लावली आणि पाणी काढायला सुरुवात केली.

किरण बादल्या देत होती. पाणी एक चतुर्थांश उतरलं तेव्हा नानांनी डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर थाप मारली. "बरं," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो नाना, काळजी करू नका, आता बरा होईल तो." पाणी निम्म्यावर आलं. नाना पुन्हा थाप मारू लागले, जोरात, थांबून थांबून. "बरं. बरं. बरं." मला वाटलं, जीव कासावीस झालाय बिचाऱ्यांचा. मी त्यांच्याकडे पाठ करून नळाचं नवं पाणी टाकीत सोडलं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचे खडे टाकायला मात्र विसरले नाही. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे आठवतं.

पंधरा-वीस मिनिटांत मुकुंदा वेड्यासारखा काचांवर आपटू लागला. मग पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागला. मग आडवा झाला.

आडवा झालेला मासा मी हजार वेळा पाहिला आहे. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि नाना खुर्चीवर का थापा मारत होते तेही कळलं. त्यांनी तीस वर्षं मासे पाळले होते. झाशीचं पाणी त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. ते मला थांब म्हणत होते. मुक्या जिवांचं मला कळतं अशी माझी बाजारात ख्याती होती, आणि चार हातांवर बसलेला माणूस जिवाच्या आकांताने सांगत होता ते मला कळलं नव्हतं.

"किरण, जुनं पाणी कुठे ओतलंस?" मी विचारलं.

"नहीं फेंका दीदी. आँगन में रखा है. बाबूजी गमलों में डलवाते थे."

टाकीचं पाणी कुंड्यांना चांगलं, म्हणून नाना ते कधी फेकू देत नसत. त्या सवयीने तिने चार बादल्या अंगणात मांडून ठेवल्या होत्या. तिने धावत जाऊन देवघराशेजारचं मोठं घंगाळ आणलं. ते तांब्याचं होतं. तांबं माशांना विष, म्हणून मी ते परत पाठवलं, तर ती मुलांचा अंघोळीचा प्लास्टिकचा टब घेऊन आली. त्यात जुनं पाणी ओतलं, हवेची नळी सोडली, आणि मी मुकुंदाला दोन्ही हातांवर उचलून त्यात ठेवलं. शेर-सव्वाशेराचा तो जीव ओल्या कापडासारखा लोंबत होता. एका हाताने त्याला सुलटा धरून मी बसून राहिले, कल्ल्यांतून पाणी जात राहावं म्हणून मधूनमधून पुढे सरकवत. किरण समोर उकिडवी बसली होती. टब आम्ही नानांच्या पायांशीच ठेवला होता.

तासाभराने माझ्या हाताला एक धक्का बसला. शेपटी हलली होती. आणखी बऱ्याच वेळाने तो स्वतःचा स्वतः सुलटा राहू लागला.

मी उठून नानांसमोर गेले. खाली बसले, म्हणजे माझा चेहरा त्यांना दिसावा. "नाना, माझी चूक झाली. तुम्ही सांगत होतात, मी ऐकलं नाही. पाणी न तपासता बदललं."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. मग त्यांनी डावा हात उचलला, एक बोट वर केलं, आणि हाताने मगाने ओतल्याची खूण केली. एक मग. नंतर दोन्ही डोळे मिटून उघडले, पुन्हा एक बोट. मी म्हटलं, "एक मग, थांबायचं, नंतर दुसरा?" ते म्हणाले, "बरं." या वेळचं 'बरं' मात्र खरोखरचं होतं.

त्यानंतर तीन आठवडे मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या घरी गेले. पाणी तपासायची, आणि नाना सांगतील तेवढे मग नवं पाणी टाकायचं. हिशेब त्यांचा, हात माझे किंवा किरणचे. बोट वर झालं की एक मग ओतायचा, मूठ मिटली की थांबायचं. पाचव्या दिवशी, टबातलं पाणी टाकीतल्यासारखं झाल्यावर, मुकुंदाला पुन्हा टाकीत सोडलं. डोक्यावरच्या भोकांसाठी औषध होतं, माणसांना पोट बिघडल्यावर देतात तीच गोळी, पण ती खाण्यातून द्यायची होती, आणि तो खात नव्हता. गांडूळ दाखवलं, सोललेली कोळंबी दाखवली. तो तोंड फिरवायचा. नानाही तसेच, दोन घोट पेजेवर राहिलेले. किरण चमचा पुढे करायची आणि ते ओठ मिटायचे. ती हलकेच म्हणायची, "बाबूजी, थोड़ा सा." आणि डोळे खाली. सासऱ्यांकडे सरळ बघून बोलायची तिला सवय नव्हती.

एक दिवस मी पोचले तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आतून मराठी ऐकू आलं. मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. डोकावले तर किरण एकटीच टाकीसमोर उभी होती. बोटांत कोळंबीचा तुकडा, हात पाण्यात, आणि ती म्हणत होती, "अरे शहाण्या, किती रुसशील? खा की. हे बघ, मी कुठे पळून चाललोय का? खा बघू राजा."

'पळून चाललोय.' नानांचं वाक्य जसंच्या तसं, पुरुषाच्या तोंडचं.

मी विचारलं तेव्हा ती इतकी लाजली की पदर दातात धरला. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. नवरा तिच्याशी हिंदी बोलायचा, सासरे तर तिच्याशी अगदी कमी आणि तेही आदराने, हिंदीतच बोलायचे. मराठी ते फक्त माशाशी बोलत. सकाळ-संध्याकाळ, खायला घालताना. ती केर काढता काढता, भाजी निवडता निवडता ऐकायची. नऊ वर्षांत तिला जेवढं मराठी आलं ते सगळं मुकुंदाला उद्देशून होतं. त्यात आज्ञा होत्या, लाड होते आणि लटका राग होता. दुसरं काही नव्हतं.

"बाबूजी की आवाज़ नहीं सुनता ना अब," ती म्हणाली. "मैंने सोचा, उन्हीं के बोल सुनाऊँ. शायद खा ले."

त्याने त्या दिवशी खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी पाणी तपासत होते, किरण टाकीशी बोलत होती, आणि मुकुंदा जागचा हलला. तिच्या बोटांपर्यंत आला, बघत राहिला, आणि तुकडा ओढून घेतला. थोडा चावला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला. किरणने नानांकडे पाहिलं. मग ती ओल्या हातानेच वाटी उचलून त्यांच्यासमोर आली, चमचा भरला, आणि त्याच सुरात, त्याच ओघात बोलून गेली, "त्याने खाल्लं. आता तू खा की रे. किती वाट बघायची?"

सासऱ्यांना अरे-तुरे केलं हे तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं. मी घाईघाईने म्हटलं, "अगं, 'खा ना हो नाना' म्हणायचं. मोठ्यांना 'तुम्ही'." ती घाबरून चमचा मागे घेऊ लागली. नानांनी डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू होतं आणि डोळ्यांतून पाणी दोन्ही बाजूंनी सारखंच वाहत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, हिला बदलू नका, असं. मग तोंड उघडलं.

त्या घरात मग तसंच चाललं. किरण इतरांसमोर 'बाबूजी' म्हणायची आणि जेवू घालताना 'अरे'. हेमंतला आधी अवघड वाटलं, पुढे त्यानेच मला हसत सांगितलं की आई गेल्यापासून नानांना अरे म्हणणारं कोणी उरलं नव्हतं.

मुकुंदाची भोकं भरत आली, डोक्यावर फिकट वण राहिले. नाना खुर्चीतून उठून काठीने टाकीपर्यंत जाऊ लागले. बोलणं काही परत आलं नाही. मी महिन्यातून एकदा पाणी बघायच्या निमित्ताने जायची. किरण आता स्वतः पाणी तपासायची, आणि शेजारच्या गल्लीतल्या कोणाचे मासे आजारी पडले तर मला फोन करण्याआधी ती जाऊन बघून यायची. त्यानंतर नाना चार वर्षं होते. शेवटी झोपेतच गेले. त्यांच्या जाण्याबद्दल मी लिहिणार नाही, तो त्या घराचा ठेवा आहे. मला सांगायचंय ते त्याच्या दोन वर्षं आधीच्या एका दुपारबद्दल.

दसरा होऊन गेला होता. किरणचा फोन आला. एरवी ती फोनवर मुळीच न घाबरता रोगाचं वर्णन करायची, त्या दिवशी मात्र एवढंच म्हणाली, "दीदी, आप आ जाइए."

मुकुंदाचं अंग फुगलं होतं आणि खवले उभे राहिले होते, उमललेल्या देवदाराच्या बोंडासारखे. हे दिसलं की आत मूत्रपिंडं गेलेली असतात. लहान वयाच्या माशावर मी प्रयत्न केले असते, मिठाचं पाणी, औषध. तो बारा वर्षांचा होता. तो तळाशी एका अंगावर कलला होता आणि श्वास घेताना त्याचं सगळं शरीर हलत होतं. असे मासे चार-चार दिवस तसेच पडून राहतात.

हेमंत म्हणाला, "काकू, तुम्ही काय ते बघा. नानांना सांगायलाच नको. रात्रीत गेला म्हणू."

पूर्वी कदाचित मी तसं केलं असतं. मी म्हटलं, मासा नानांचा आहे, त्यांना विचारायला हवं. मी खुर्ची ओढून नानांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. काय झालंय, बरा होणार नाही, किती दिवस काढेल, आणि कसे काढेल. मग सांगितलं की लवंगेच्या तेलाचे थेंब पाण्यात हळूहळू मिसळले तर मासा आधी गुंगतो, मग झोपतो, आणि त्या झोपेतच जातो. त्याला दुखत नाही, निदान आपल्याला कळतं तितपत तरी नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही करणार. रोज येऊन बसेन.

नाना टाकीकडे बघत होते. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. बाहेर भाजीवाला हाका देत येऊन गेला. किरणची मुलगी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि काहीतरी कळल्यासारखी आत निघून गेली. शेवटी नानांनी काठी घेतली, उठले, टाकीपाशी गेले, आणि काचेला कपाळ टेकवलं. परत येऊन बसले. मला बोट दाखवलं, एक, पाणी ओतताना दाखवायचे तसं.

आम्ही टब त्यांच्या पायांशी आणला, टाकीचंच पाणी भरलं. मुकुंदाला त्यात ठेवलं. नाना कसेबसे वाकले आणि त्यांनी डावा हात पाण्यात घातला, त्याच्या अंगाखाली, उशी द्यावी तसा. तेल मी कोमट पाण्यात घुसळून दुधासारखं करून घेतलं होतं. वासाने सगळी खोली भरली. मी चमच्याने सोडू लागले. नानांनी बोट वर केलं की चमचा, मूठ मिटली की थांबायचं, असं उजव्या हाताने त्यांना सांगता येत नव्हतं आणि डावा पाण्यात होता. म्हणून मी प्रत्येक चमच्याआधी त्यांच्याकडे बघायची आणि ते पापण्या मिटायचे.

किरण टबाच्या दुसऱ्या बाजूला बसली होती. "झोप रे," ती म्हणाली. "झोप राजा. दमलास ना? मी आहे इथेच. मी कुठे पळून चाललोय का?" ती एकसारखी बोलत राहिली, नानांची होती नव्हती ती सगळी वाक्यं, एकामागून एक, मुकुंदाचे कल्ले संथ होत होत थांबेपर्यंत.

थांबल्यावर थोडा वेळ तसंच ठेवायचं असतं. मी सांगितलं, आता त्याला काही कळत नाही, नाना, हात काढलात तरी चालेल. त्यांनी काढला नाही. पाणी गार होत गेलं. मग त्यांनी त्याला हळूच तळाशी टेकवलं आणि हात बाहेर घेतला. बोटं सुरकुतली होती, त्यांना लवंगेचा वास येत होता. किरणने पदर सोडवला आणि त्यांचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट पुसू लागली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, लहान मुलाची पुसतात तशी.